फेर धरायला लावणारं गाणं

तारीख 16 ऑक्टोबर 1957, वार बुधवार, संध्याकाळचे पावणेआठ. तुम्ही जव्हारच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानाच्या पायरीशी उभे आहात. पाऊस सरून थोडेच दिवस झालेत, हवेत गारवा आहे, दिवाळी आठवड्यावर आली आहे. कुणाला पत्ता विचारलात तर सांगतील, जिल्हा ठाणे, राज्य मुंबई. पालघर जिल्हा व्हायला अजून 57 वर्षं आहेत, महाराष्ट्र व्हायलाही अडीच वर्षं. मुकण्यांचं संस्थान विलीन झालं त्याला नऊ वर्षं लोटली, तरी म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राजाचा काळ येतोच.

दुकानदाराने फळीवर बॅटरीचा रेडिओ मांडलाय. त्याची तांब्याची तार कौलांवरून मागच्या झाडापर्यंत ओढलेली आहे. तो बटण हळूहळू फिरवतो. खरखर, एक परदेशी बोली, पुन्हा खरखर. याच आठवड्यात रशियाचा स्पुटनिक डोक्यावरून फेऱ्या मारतो आहे आणि जगभर लोक रेडिओला कान लावून त्याची टिकटिक शोधत आहेत. इथे मात्र सगळ्यांना सिलोन हवं आहे. बुधवारी आठला बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा आवाज.

आपल्या सिनेमाची गाणी आपल्याच लोकांनी लंकेच्या केंद्रावर का ऐकावीत? कारण बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. 1952 पासून नभोवाणी खातं त्यांच्याकडे आहे, अभिजात संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम आहे, आणि सिनेसंगीत त्यांना हलकं वाटतं. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. तेरा दिवसांपूर्वी, 3 ऑक्टोबरला, विविधभारती सुरू झाली आहे. पण या पायरीवरच्या माणसांच्या बोटांना सवय लागली आहे ती सिलोनचीच.

आज ते गाणं लागेल असं धरून चालू. तुम्हाला ते लहानपणापासून पाठ आहे, गॅदरिंगला, वाद्यवृंदात, लग्नाच्या वरातीत ऐकलेलं. म्हणून आधी ते विसरा. राहुल देव बर्मन विसरा, इलेक्ट्रिक गिटारी, डिस्को, डीजेच्या भिंती विसरा. कानात फक्त भजनं असू द्या, तमाशाची ढोलकी, सनई, आणि सैगल-नूरजहाँच्या चार तबकड्या. आता ऐका.

आधी ब्रासचा फटकारा, मागोमाग ड्रम, आणि मग किशोरकुमार अशी अक्षरं फेकत सुटतो ज्यांना कसलाच अर्थ नाही. 'ईना मीना डीका'. चित्रपट 'आशा', गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीतकार सी. रामचंद्र. शॉर्टवेव्हवर आवाज चढतो, ओसरतो, मधेच पातळ होतो. पण ठोका हरवत नाही. पायरीवरच्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघा: शिकलेले दोघे-तिघे हसताहेत, एक वयस्क गृहस्थ कपाळाला आठी घालून निघून जातात. आणि दुकानाच्या उजेडाबाहेर, सरपणाची मोळी विकून मीठ-मिरची घ्यायला आलेला पाड्यावरचा एक तरुण उभा आहे. हिंदी त्याला जेमतेम कळतं. त्याची उजवी टाच मातीवर पडते आहे, बरोबर ठोक्याच्या जागी.

त्या टाचेमुळेच मी तुम्हाला इथे आणलं. कपाळाच्या आठीपेक्षा ती टाच या गाण्याविषयी जास्त खरं सांगते. आता आवाजाच्या उगमाकडे चला.

काही महिने मागे, मुंबई. रेकॉर्डिंग स्टुडिओचं जड दार तुमच्यामागे बंद होतं. पंखे बंद, कारण त्यांची घरघर माइकमध्ये शिरते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेले. गायक आणि सगळा वाद्यमेळ एकाच वेळी वाजवणार. एकाने चूक केली की सगळ्यांनी पहिल्यापासून. आवाज मागाहून वेगवेगळे लहान-मोठे करायची सोय नाही, म्हणून तोल साधायचा तो अंतराने. ट्रम्पेटवाले दूरच्या भिंतीपाशी, गिटार जवळ, गायक माइकला भिडलेला. कुणी किती पावलं मागे सरकायचं यावर चाचणीमागून चाचणी होते. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात, तेवढ्यात सगळं आटपायला हवं.

वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसं पुष्कळ आहेत. रात्री हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ वाजवायचं, दिवसा स्टुडिओत यायचं. त्यांना पाच रेषांची पाश्चात्त्य लिपी वाचता येते; चाल बांधणारा सरगमीत विचार करतो. दोघांमध्ये पूल बांधणारे अरेंजर, तेही बहुतेक गोव्याचेच. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, यांनी सी. रामचंद्रांबरोबर 1951 च्या 'अलबेला'साठी काम केलं आणि त्या चित्रपटातली नाचाची गाणी गल्लीबोळांत पोचली.

आणि हे सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, आज वय 39. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेले. चार वर्षांपूर्वी 'अनारकली'ची हळवी गाणी यांनीच बांधली आणि सहा वर्षांनी दिल्लीत लता मंगेशकरांच्या तोंडून साऱ्या देशाला रडवणारं गाणंही यांचंच असणार आहे. एक मराठी मंत्री दिल्लीत बसून अशा गाण्यांना दार बंद करतो आणि एक मराठी संगीतकार मुंबईत तेच दार सताड उघडतो. दोघंही संगीतावर जीव टाकणारे. केसकरांची तळमळ मला खोटी वाटत नाही, पण या गाण्याच्या बाबतीत कान उघडा होता तो चितळकरांचाच.

या गाण्याच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात: खोलीबाहेर मुलं इंग्रजी पद्धतीने दाम घेत होती, ती निरर्थक अक्षरं आत ऐकू आली, त्यावरून सुरुवात सुचली, आणि एका गोवेकर सहकाऱ्याने त्यात कोकणीची भर घातली. मुलांचा दाम म्हणजे तरी काय? फेर धरून म्हणायचे ठेक्यातले बोल. अर्थाची त्यांच्याकडून अपेक्षाच नाही. बोटाने एकेकाला मोजत जायचं, शेवटच्या ठोक्यावर ज्याच्यावर बोट पडेल तो सुटला. म्हणजे गाण्याचं बी पडलं तेच फेरात.

हेच गाणं चित्रपटात आशा भोसल्यांच्या आवाजातही आहे. किशोर अक्षरांशी दंगा करतो, उड्या मारतो. आशाबाई त्याच अक्षरांना धार लावतात, प्रत्येक ठोक्याच्या टोकावर नेमका आवाज ठेवतात. मला स्वतःला त्यांचं जास्त आवडतं. नाचणाऱ्याच्या पायाला अशी नेमकी कड लागते.

आणखी मागे चला. 14 सप्टेंबर 1955, अमेरिकेच्या दक्षिणेतलं न्यू ऑर्लिन्स. रॅम्पार्ट आणि डुमेन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानामागे एक लहानशी खोली आहे, कोझिमो माटासा यांचा जे अँड एम स्टुडिओ. आत बावीस वर्षांचा लिटल रिचर्ड आहे. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावचा, तिथल्या बसस्टँडच्या उपाहारगृहात भांडी घासलेला. कालपासून रेकॉर्डिंग चाललंय आणि निर्माते बम्प्स ब्लॅकवेल यांना हवा तो जोश येत नाहीये. जेवणाच्या सुट्टीत सगळे ड्यू ड्रॉप इन नावाच्या ठिकाणी जातात. तिथे पियानो आणि समोर माणसं बघून रिचर्ड उसळतो आणि एक चावट गाणं पियानो बडवत म्हणतो. ब्लॅकवेल ताडकन उठतात: हेच हवं. डोरोथी लाबोस्ट्री नावाच्या तरुण गीतकार बाईला बोलावून शब्द सोज्वळ करून घेतले जातात. वेळ संपत आलेली असताना 'टुटी फ्रुटी' तबकडीवर चढतं.

या गाण्याच्या तोंडालाही निरर्थक अक्षरं आहेत. रिचर्डच्या डोक्यात ड्रमचा एक तुकडा घुमत होता, तो त्याने तोंडाने काढला. आपल्याकडे तबलजी बोल म्हणतो, तसंच.

आता ड्रमवर बसलेल्या अर्ल पामरकडे लक्ष द्या, कारण पुढच्या सगळ्या पिढ्यांचे पाय हा माणूस ठरवतो आहे. आपला कान समेवर वजन शोधतो. पहिली मात्रा आली की मान डोलते. इथे चार ठोक्यांचं घर आहे आणि काठी कडाडते ती दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. पहिला ठोका पावलाचा, दुसरा टाळीचा. ज्या जागी बसलेला माणूस विसावतो तिथेच हे गाणं त्याला ढकलतं, त्यामुळे बसून राहणं अवघड होतं. दुसरी गोष्ट आणखी बारीक आहे. तोवरच्या नाचाच्या संगीतात ठोक्याचे दोन भाग असमान पडायचे, एक लांब, एक आखूड, झोका घेतल्यासारखे. रिचर्डचा उजवा हात मात्र पियानोवर समान तुकडे तोडतोय. पामर यांनी पुढे सांगितलं की त्या हाताशी जुळवून घेताना आपणही तसेच समान वाजवू लागलो. झोका गेला, सरळ धाव आली. त्या धावेखाली ली ॲलन आणि रेड टायलर यांचे सॅक्सोफोन भरडत राहतात.

दोन वर्षांत ही धाव समुद्र ओलांडून कुठे कुठे पोचली हे तुम्ही मुंबईत ऐकलंतच. इकडे अमेरिकेत पॅट बून नावाच्या गोऱ्या गायकाने तेच गाणं गुळगुळीत करून गायलं आणि मूळ तबकडीपेक्षा वरचा क्रमांक मिळवला. त्यातून ठोक्याची कड काढून टाकलेली होती, तरी लोकांनी घेतलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

अजून शंभर वर्षं मागे. जॉर्जियाचाच किनारा, गुलामीचा काळ. दिवसभर शेतात राबलेली काळी माणसं रात्री प्रार्थनेला जमली आहेत. ढोल त्यांच्याकडून अनेक ठिकाणी काढून घेतलेले. एक जण पुढची ओळ म्हणतो, बाकीचे उत्तर देतात. एकाच्या हातात केरसुणीचा दांडा, तो फळ्यांच्या जमिनीवर उभा आपटून ठेका धरतो. बाकीची माणसं गोलात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सरकत, पाय न उचलता घासत चालतात. याला रिंग शाउट म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या संगीताचं मूळ शोधणारे अभ्यासक इथवर येऊन थांबतात, इथूनच चर्चमधलं गाणं, ब्लूज आणि शेवटी रॉक अँड रोल असा धागा लावतात. थोडा वेळ त्या गोलाबाहेर उभे राहा. गाणाऱ्याचं तोंड प्रेक्षकांकडे नाही, कारण प्रेक्षक नाहीतच. मधली काठी आणि भोवतीची पावलं, बास.

ती काठी लक्षात ठेवा आणि परत या. तोच बुधवार, रात्रीचे साडेनऊ.

मोळीवाला तरुण पाड्याकडे निघाला आहे, तुम्ही त्याच्या मागे. मोखाड्याच्या बाजूला जाणारी पायवाट, दोन्हीकडे कापणीला आलेलं भात, वरच्या उतारांवर नागली आणि वरई. अंधार दाट आहे, चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नाही. वाटेत तुम्हाला तो आवाज आधी ऐकू येतो आणि मग दिशा कळते. सलग, किंचित अनुनासिक, न तुटणारा सूर, आणि त्याच्या अंगाखाली दुसरा एक सूर घट्ट धरून ठेवलेला. तारपा.

नव्या धान्याचे दिवस आले की वारली पाड्यांवर तारपा निघतो आणि दिवाळीच्या सुमारास रात्री रात्री वाजतो. हे चित्र तुम्ही शेकडो वेळा पाहिलं आहे. साडीच्या पदरावर, सरकारी भिंतीवर, पांढऱ्या रेघांत काढलेला वेटोळा फेर आणि मध्ये लांब वाद्य धरलेला माणूस. चित्रात तो फेर वरून दिसतो. आत शिरल्यावर मात्र शेजाऱ्याचा खांदा दिसतो, पुढच्याची पाठ, आणि मधोमध शेकोटीच्या उजेडात चकाकणारा एक भोपळा.

जवळ जा, वाद्य नीट बघा. वाळवलेला दुधी भोपळा पोकळ करून त्याच्या तोंडातून फुंकायचं. खालच्या बाजूला बांबूच्या दोन नळ्या, प्रत्येकीत बांबूचीच पातळ जीभ, ती भोपळ्याच्या पोटात थरथरते म्हणून ओठांना कधी लागत नाही. बोटांसाठी छिद्रं. सांधे मधमाश्यांच्या मेणाने लिंपलेले. शेवटी ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा, त्यातून आवाज जमिनीला समांतर फेकला जातो. काही तारपे माणसाहून उंच असतात. सगळं साहित्य गावच्या रानातलं आणि परसातलं.

आता तारपकऱ्याचे गाल बघा. ते फुगलेले आहेत आणि फुगलेलेच राहतात. तोंडातली हवा गालांनी ढकलत असतानाच तो नाकाने नवी हवा ओढून घेतो. श्वास घेतला तो क्षण तुम्हाला कानाने सापडणारच नाही. सूर तुटला की पाय थांबतात, म्हणून तो तुटू द्यायचा नाही. असं रात्रभर. न्यू ऑर्लिन्सच्या सॅक्सोफोनवाल्यांनी या माणसासमोर मान लवली असती, असं मला खात्रीने वाटतं.

इथून जवळच वाळवंडा गाव आहे. तिथे भिकल्या लाडक्या धिंडा नावाचे एक वादक आज ऐन तारुण्यात आहेत. तारपा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा. 2026 साली, नव्वदी गाठल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर होईल. दिल्लीच्या कानापर्यंत या भोपळ्याचा आवाज जायला तेवढी वर्षं लागली.

फेर सुरू आहे. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेमागून हात घालून गुंफलेले, साखळीचं एक टोक मोकळं. त्या टोकाशी पुढारी, त्याच्या हातात घुंगरं बांधलेली काठी. तो ती जमिनीवर आपटतो आणि साखळी वळते, सैल होते, पुन्हा आवळते. तारपकऱ्याकडे पाठ करायची नाही, हा रिवाज. एका चालीवर एक पाऊल ठरलेलं. त्याने चाल बदलली की दहा-वीस पायांनी त्याच घटकेला बदलायचं. गाण्याला शब्द नाहीत, अधूनमधून आरोळी. बाहेरून आलेले पाहुणे पाच मिनिटांत म्हणतात की हे एकसुरी आहे. तबकडीवर ऐकणारे गृहस्थ 'टुटी फ्रुटी'लाही हेच म्हणाले होते. दोघं एकाच जागी उभे आहेत, फेराच्या बाहेर.

जॉर्जियाच्या काठीचा आणि या काठीचा एकमेकींशी संबंध नाही. तसा धागा ओढून-ताणून जोडू नका, दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होईल. त्यांनी आपापल्या अंधारात, आपापल्या गरजेने तो गोल धरला. पण सुरुवातीच्या रॉक अँड रोलमध्ये जे जगाला नवीन वाटलं, ते इथल्या माणसाला नवीन वाटायचं कारण नाही. मुंबईत, लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये गाणं बराच काळ खुर्चीवर बसून ऐकायची गोष्ट होत चालली होती. समोर मंच, मंचावर गुणी माणूस, इकडे आपण. त्या बसलेल्या माणसांना 1955 च्या आसपास कुणीतरी उठवलं. जव्हार-मोखाड्यात माणूस बसलाच नव्हता. इथल्या वारल्यांचंच नव्हे, महादेव कोळ्यांचं, कोकण्यांचं, ठाकरांचंही तेच. फाल्गुन-चैत्रात मोखाड्याला बोहाडा होतो तेव्हा या. मध्यरात्री लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून गणपती, सरस्वती, राक्षस एकेक करून निघतात, आणि संबळ प्रत्येकाची चाल वेगळी वाजवतो. मुखवट्याच्या भोकांतून समोरचं फारसं दिसत नाही. सोंग घेणारा पायाने ऐकतो.

मोळीवाला तरुण आता साखळीत आहे. मघाचा थकवा कुठे गेला कळत नाही. मध्यरात्र होते, डोंगरामागून अर्धा चंद्र वर येतो, आणि तारपकरी पाणी प्यायला थांबतो. तेवढ्यात तो तरुण बाजारात ऐकलेली अक्षरं म्हणून दाखवतो. निम्मी चुकलेली आहेत, ठेका पक्का. पोरं खिदळतात. म्हातारा तारपकरी भोपळा तोंडाला लावून ती चाल शोधू पाहतो. दोन जागा सापडतात, तिसरी नाही. त्याच्या नळीत तेवढे सूरच नाहीत. तो मान हलवतो, पुन्हा म्हण असं खुणावतो, आणि या वेळी सुराच्या नादी न लागता नुसती फुंक तोडत ठेका धरतो. काठीवाला त्यात घुंगरं घालतो. काठी पडते ती दुसऱ्या ठोक्यावर, मग चौथ्या. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

साखळी जुळते. तुमच्याही कमरेमागून दोन्ही बाजूंनी हात येतात. हे गाणं तुम्ही आयुष्यभर ऐकलंय, तरी पहिल्याच वळणावर तुमचं पाऊल चुकतं, दुसऱ्यावरही चुकतं, आणि तुम्ही खाली बघत मोजायला लागता. डावीकडची पोरगी कोपराने तुम्हाला ढोसते.

"पायाकडं नको बघू. चाल."